दाराजवळच्या अडतीस जणी

आमच्या गावात दार कुणी वाजवत नाही. फाटकापाशी उभं राहून हाक मारतात, कुत्रा भुंकतो, आणि कोण आलं हे बघेपर्यंत माणूस घरात येऊन बसलेला असतो. म्हणून त्या सकाळी दारावर टकटक झाली तेव्हा दूध ढवळता ढवळता माझा हात थांबला. माझ्या लेकीची, आयदानाची, एक वेणी घालून झाली होती, दुसरी अर्धवट होती. माझा नवरा तालाय एक मोजा पायात घालून दुसऱ्यासाठी पलंगाखाली वाकला होता.

"दार वाजवतंय म्हणजे सरकारी माणूस," तो तिथूनच म्हणाला. "मी घरी नाही म्हणून सांग."

"बाबा, तुमचा आवाज बाहेर जातोय," आयदाना म्हणाली.

दार उघडलं तर सायराकान एजे. एजे म्हणजे मोठी बहीण, वयाने मोठ्या बाईला आम्ही असंच म्हणतो. डोक्याचा रुमाल नीट बांधलेला, अंगात तो करडा कोट. हा कोट त्या एकतीस वर्षं ग्रंथालयात जाताना घालायच्या आणि ग्रंथालय बंद झाल्यापासून फक्त मयतीला. छातीशी काहीतरी धरलेलं, रोटी गुंडाळायच्या कापडात.

"जिपार, मला जरा कापायला मदत करशील?"

मला वाटलं मेंढरू. त्यांचा मुलगा तिकडे रशियात, घरात पुरुषमाणूस नाही. "कुणाचं जेवण आहे एजे? तालाय सुरी घेऊन येईल."

"मेंढरू असतं तर तालायलाच हाक मारली असती. तू शहरात कॉलेज शिकलेली आहेस म्हणून तुझ्याकडे आले." त्यांनी कापड सोडलं. आत लॅपटॉप होता. "गाव कापायचंय."

त्या आत आल्या आणि दाराजवळच बसल्या. मी दोनदा म्हटलं, वर बसा, तोरवर बसा. समोरच्या भिंतीशी मानाच्या माणसाला बसवतात ती जागा. त्यांनी ऐकलं नाही. चहा दिला तो हातात धरून गार केला. मुलगी शाळेत गेली, तालाय एकाच रंगाचे दोन मोजे घालून कामाला गेला, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"पंधरा दिवसांची मुदत दिली होती. सहा दिवस मी कुणाला सांगितलंच नाही."

सायराकान एजेंची गोष्ट सांगायची तर ती गावाच्या पानापासूनच सांगावी लागते. इंटरनेटवर आमच्या भाषेत एक विश्वकोश आहे. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, पैसे कुणालाच नाहीत. सात वर्षांपूर्वी ग्रंथालयाचं छप्पर खचलं, पुस्तकं शाळेच्या कोळशाच्या खोलीत गेली आणि एजे घरी बसल्या. मुलाने लॅपटॉप पाठवला, बोलायला. त्या बोलल्या कमी आणि शोधत बसल्या जास्त. शोधता शोधता त्यांना आमच्या गावाचं, तेरेक-बुलाकचं पान सापडलं. दोन ओळींचं. गाव अमुक जिल्ह्यात आहे, लोकसंख्या एकवीसशे.

"एकतीस वर्षं मी पुस्तकांची कार्डं लिहिली ग," त्या मला तेव्हा म्हणाल्या होत्या. "मासे पकडायच्या पुस्तकाच्या कार्डावरसुद्धा सात ओळी असायच्या. आणि अख्ख्या गावाला दोन?"

म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. शाळा कधी बांधली, पूल कधी वाहून गेला, कुठला झरा उन्हाळ्यातही आटत नाही. पहिल्या हिवाळ्यात पान इतकं छान झालं होतं की आयदानाच्या बाईंनी वर्गात वाचून दाखवलं.

ते वाचून दाखवलं तिथेच बिघडलं. दुसऱ्या दिवशी एजेंच्या फाटकाशी म्हातारे कुलमात उभे, हातात वहीचा कागद. त्यावर त्यांचे सात बाप. आमच्यात ज्याला सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ नसतील त्याला पोरकं म्हणतात, आणि ती नावांची माळ म्हणजे सनजिरा. ती अर्धी कुणी सांगत नाही. "गावाचं पान आहे ना? मग आमचे बाप गावाचे नव्हते का?" ते म्हणाले. एजेंनी घातले. मग शेजारच्या घराचे आले. एकाचे घातले आणि दुसऱ्याचे नाही, असं करून या गावात कुणाला राहता येईल? कुणी रोटी घेऊन आलं, कुणी जर्दाळूचा मुरंबा. रिकाम्या हाताने कुणी आलं नाही आणि एजेंनी रिकाम्या हाताने कुणाला परत पाठवलं नाही. चौदा घराण्यांच्या सनजिरा झाल्या. शर्यती जिंकलेले अकरा घोडे झाले, त्यातल्या एकाचे बाप तीन पिढ्यांपर्यंत. कुणाच्या बापाच्या मयतीनंतर चाळिसाव्याच्या जेवणाला किती मेंढरं कापली, तेही.

सात वर्षांत पान एवढं झालं की फोनवर उघडलं तर फोन अडकायचा. आयदानाला गृहपाठात शाळेचं वर्ष हवं होतं. पोरगी अर्धा तास बोटाने पान वर ढकलत राहिली आणि म्हणाली, "आई, सगळ्यांचे आजोबा सापडले, शाळा सापडत नाही."

आता पानाच्या माथ्यावर पिवळी चौकट लागली होती. लेख अति लांब आहे. पंधरा दिवसांत लांब भागांची स्वतंत्र पानं करून इथे सारांश ठेवावा, छापील आधार नसलेला मजकूर काढावा. खाली सही, एर्मेक.

"हा कोण?"

"शहरात दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर दात काढतो आणि उरलेल्या वेळात पानं छाटतो. माणूस वाईट नाही. मला एजे म्हणतो." त्या थोडं हसल्या, मग हसू गेलं. "मला इतर कशाची भीती नाही, जिपार. घोडे जाऊ देत. मला कालव्याची भीती आहे."

त्यांनी पानाचा तळ काढून दाखवला. सगळ्यात खाली, अगदी शेवटी, कीज-आरिकचा भाग होता. पोरींचा कालवा. आमची शेतं, बटाटे, जर्दाळू, सगळं त्याच पाण्यावर. खानाची एक मुलगी होती, तिने रुमाल ओढत नेला आणि मागून पाणी आलं, अशी गोष्ट या गावात प्रत्येक मुलाला येते. इमानकुल हे आमचे अक्सकाल, गावचे मानाचे वडीलधारे; सगळे त्यांना अता, म्हणजे बाप, म्हणतात. त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या घराण्याची पुस्तिका छापली, तिच्यातही तेच आहे.

एजेंनी वेगळं लिहिलं होतं. युद्धाच्या वर्षांत, त्रेचाळीस साली, गावात पुरुष उरले नव्हते. जुना पाट डोंगरातून दरड येऊन बुजला. गावातल्या अडतीस बायकांनी दोन हिवाळ्यांत नवा खणला. एजेंची आई काल्बू त्यांच्यात होती, एकोणीस वर्षांची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या थंडीत गेली. ती म्हातारपणी लोकर पिंजत बसायची तेव्हा एजेंनी तिच्याकडून एकेक नाव वहीत उतरवून घेतलं. काल्बूला नावं अशी आठवत नसत. तिला कालवा आठवायचा. विलोच्या झाडापासून पांढऱ्या दगडापर्यंत बातिश. पांढऱ्या दगडापासून वळणापर्यंत सुयुमकान, पोटात सहा महिन्यांचं मूल. वळणापाशी खडक लागला, तिथे उमसुनाय, तिच्या पहारीचं टोक मोडलं आणि ती रडली. अशा अडतीस जणी, अडतीस परिच्छेद. पानावर तो भाग एकटाच घोड्यांहून मोठा होता.

"एजे, हे सगळ्यात खाली का ठेवलंत?" मी विचारलं.

"खाली म्हणजे?"

"वर चौदा घराणी. त्यातही इमानकुल अतांचं पहिलं. मग बाकीचे, मग घोडे, मग या."

"मग काय इमानकुलच्या बापांच्या आधी बायका बसवू?"

तेव्हा मला कळलं. एजेंनी पान लिहिलं नव्हतं, पाहुणे बसवले होते. वयाने आणि मानाने मोठे ते तोरवर, त्यांच्या खाली त्यांच्याहून लहान, आणि सुना दाराजवळ, चहाच्या समोवारापाशी. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. मीही लिहिलं असतं तर तसंच लिहिलं असतं. पण पान लांब झालं की लोक खालून कापतात. गर्दी झाली की दाराजवळचे आधी बाहेर.

तीन दिवस आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो. एकीकडे कणीक फुगत होती, एकीकडे घोडे जात होते. अकरा घोड्यांची एक ओळ झाली. चाळिसाव्याची मेंढरं गेली. एजे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी त्या घरच्या माणसाचं नाव घेऊन म्हणायच्या, "माफ कर रे बाबा." चौथ्या घोड्याला मी म्हटलं, एजे, घोडा तर मेलाय. "मालक जिवंत आहे," त्या म्हणाल्या, "आणि रोज दुकानात भेटतो."

गावात बातमी लपत नाही. दुकानात बायका मला विचारू लागल्या, आमचे किती कापले? कुलमात म्हाताऱ्यांनी एजेंच्या सलामाला उत्तर दिलं नाही. त्यांच्या घरून एजेंना गेलेला मुरंबा सहा वर्षांपूर्वीचा होता, तरी त्याची आठवण त्यांच्या सुनेने मला करून दिली.

तिसऱ्या दिवशी इमानकुल अक्सकाल स्वतः आले. शहात्तर वर्षांचे, पांढरी उंच टोपी, काठी. मी त्यांना तोरवर बसवलं, उशी दिली, चहा दिला. एजे उठून दाराजवळ गेल्या.

"काय सायराकान," ते म्हणाले, "सात वर्षं आमच्या बापांना जेवायला बसवलंस आणि आता ताट काढून घेतेस?"

"ताट नाही काढत, अता. सनजिरांचं वेगळं पान करतेय. सगळी घराणी तिथे. गावाच्या पानावर त्याची खूण राहील, दाबलं की तिथे जाता येईल."

"वेगळं म्हणजे? बाहेरच्या अंगणात?"

"वेगळं घर समजा," मी मध्ये बोलले. "स्वतःचं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "स्वतःचं. आणि त्यात पहिलं कोण?"

"तुम्हीच," एजे म्हणाल्या. "तुमचं छापील आहे. छापील असलं की त्याला कुणी हात लावत नाही."

"छापील आहेच. दुसरी आवृत्ती काढतोय, जूनमध्ये. रंगीत मुखपृष्ठ." म्हातारा खुलला. जाताना रोटीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि दारात एजेंना म्हणाला, "तुझा हात चांगला आहे ग. पुरुष असतीस तर अक्सकाल झाली असतीस."

ते गेल्यावर मला वाटलं, सुटलो. चौदा घराणी बाहेर गेल्यावर पान केवढं तरी हलकं झालं होतं. कालव्याचा भाग मी वर आणला, शाळेच्या लगेच खाली. एजेंनी अडतीस परिच्छेदांची अडतीस नावं केली, हे मात्र त्यांनी स्वतः केलं, मला हात लावू दिला नाही. विलो गेला, पांढरा दगड गेला, मोडलेली पहार गेली. नुसती नावं, स्वल्पविरामांनी जोडलेली. पाच ओळींत मावली.

"आईला कालवा लागायचा आठवायला," त्या म्हणाल्या. "आता नुसत्या नावांनी तिला एकही आठवली नसती."

चौथ्या दिवशी दुपारी एर्मेकचा फोन आला. एजेंनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"एजे, हात चुंबावे तुमचे," तो म्हणाला. मागे कुठेतरी यंत्राची घरघर चालू होती. "मला वाटलं होतं भांडाल. लोक भांडतात. एकाने मला लिहिलं, तुझे दात पडोत. दातांच्या डॉक्टरला!"

"मग आता पिवळी चौकट काढशील?"

"काढतो. फक्त कालव्याचं राहिलंय." मागची घरघर बंद झाली. "एजे, ही नावं कुठून घेतलीत?"

"माझ्या वहीतून."

"वहीत कुठून आली?"

"माझ्या आईने सांगितली. ती स्वतः खणत होती."

"एजे, आई हा आधार होत नाही."

मी कणीक मळायची थांबले. एजे म्हणाल्या, "तुझी आई तुझा जन्मदिवस सांगते तेव्हा छापील मागतोस का?"

"नाही मागत. पण उद्या कुणी येऊन म्हणेल, माझ्या आईने सांगितलं की कालवा आमच्या घराण्याने खणला, तेव्हा मी त्याला काय म्हणू? तुम्हीच सांगा. तुमच्या ग्रंथालयात कुणी हाताने लिहिलेलं पान पुस्तकात चिकटवलं असतं तर ठेवलं असतंत?"

एजेंनी नसतं ठेवलं. मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"कुठेतरी छापून येऊ द्या," तो म्हणाला. "वर्तमानपत्र, पुस्तिका, काहीही. एक ओळ असली तरी चालेल, मी स्वतः खाली तिचा आधार जोडेन. छापायला दिलंय एवढं मुदतीत कळवलंत तरी छापून येईपर्यंत मी थांबेन. नाहीतर मी नाही काढलं तरी दुसरा कुणीतरी काढेल."

"आणि खानाची मुलगी?" मी विचारलं. राहवेना.

"तिला आधार आहे, ताई. तुमच्या गावच्या सनजिराच्या पुस्तिकेत, पान एकेचाळीस. ती राहील."

फोन बंद झाला. एजेंनी लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं. त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कोटाचं सुटलेलं बटण बघितलं आणि म्हणाल्या, "जिपार, रुमाल ओढून कालवा झाला असता तर आईची बोटं कुठे गेली असती ग?"

जिल्ह्याचं वर्तमानपत्र दोन वर्षांपूर्वीच कागदावर निघायचं बंद झालं. आमच्या भागात छापलं जाणार असं एकच काहीतरी होतं.

मुदतीचे पाच दिवस उरले होते तेव्हा आम्ही इमानकुल अतांकडे गेलो. बर्फ वितळून वाटेवर चिखल झाला होता. कालव्यात अजून पाणी सोडलं नव्हतं, तळाशी मागच्या वर्षीची पानं आणि एक फाटका बूट. पुढच्या आठवड्यात सगळं गाव फावडी घेऊन तो साफ करायला जाणार, इमानकुल अता दरवर्षीप्रमाणे पुढे उभे राहून पाण्याला दुवा देणार, आणि मुलांना खानाच्या मुलीची गोष्ट सांगणार.

घरात त्यांचे तीन भाऊ होते, पुस्तिकेची कच्ची पानं चादरीवर पसरलेली, रोटीच्या चुऱ्यात. आम्हाला आदराने घेतलं. एजे दाराजवळ बसल्या. मी त्यांच्या शेजारी.

"ये ये, बघ, तुझ्या पानासारखं आमचंही वाढलंय," अता म्हणाले. "छापखानेवाला म्हणतो, शंभर पानांच्या वर जाऊ नका. मी म्हटलं, बापांना कसा कापू?"

एजेंनी विषय काढला. फार थोडक्यात. बायका, वर्ष, दोन हिवाळे. त्यांनी वही उघडली नाही, मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले.

"पण ही तर सनजिरा आहे," मधला भाऊ म्हणाला. "सनजिरात बायका कुठे असतात?"

"आईने सांगितलेल्या गोष्टी काय, प्रत्येकाच्या आईने सांगितल्यात," धाकटा म्हणाला. "अडतीस नावं घातली की गावातल्या बाकीच्या बायका येतील. आमच्या का नाहीत म्हणून. तूच बघितलंस ना काय होतं ते?"

हे मात्र खरं होतं. एजेंनी मान हलवली.

इमानकुल अता काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. वहीत सातवं नाव सुयुमकान होतं. पांढऱ्या दगडापासून वळणापर्यंत, पोटात सहा महिन्यांचं मूल. ते मूल म्हणजे अतांची थोरली बहीण. सुयुमकान म्हणजे अतांची आई. मला माहीत होतं, एजेंना माहीत होतं. अतांना माहीत होतं का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मी एजेंच्या कोपराला कोपर लावलं. बोला की. एजेंनी कोपर बाजूला घेतलं.

अतांच्या सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, अतांनी हलकेच मान हलवली, आणि तिने एजेंच्या वाटीत चहा ओतला. काठोकाठ. आमच्याकडे पाहुण्याला अर्धी वाटीच देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येते. भरलेली वाटी पुढे आली की उठायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

मी उठायला गुडघा उचलला. एजे उठल्या नाहीत. त्यांनी ती भरलेली वाटी दोन्ही हातांनी घेतली, एक थेंब न सांडता आपल्यासमोर ठेवली, आणि तोरकडे बघून ग्रंथालयात नाव पुकारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या,

"खानाची मुलगी राहू द्या, अता. माझ्या आईचं नाव नको, कुणाचंच नको. एकेचाळिसाव्या पानावर तिच्या खाली एवढी एक ओळ छापा: कीज-आरिक त्रेचाळीस साली या गावातल्या अडतीस बायकांनी खणला."